तेल प्यालेला पट्टा

दसऱ्याला मशीनला हार घातलेला दिसला की मी तोंड फिरवते. कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवायची म्हणून नाही. मी स्वतः शिवणयंत्राला कुंकू लावते, विळीला हळद लावते, आई लावायची म्हणून मीही लावते. पण मोटरीवर झेंडूची माळ आणि तिच्यावरून ओघळणारं तेल दिसलं की मला ती गच्ची आठवते, गच्चीवरची माणसं आठवतात, आणि त्यांच्यात उभी असलेली चोवीस वर्षांची मी आठवते. सगळ्यात जास्त किळस मला त्या मुलीची येते.

नव्वदीची सुरुवात होती. स्थापत्याचा डिप्लोमा करून मी सुकापूरच्या बाजूला एका चार मजली इमारतीच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागले होते. तेव्हा तिकडं जिकडं बघावं तिकडं खड्डे, सळया आणि पाट्या. गेल्या वर्षी जिथं भात होतं तिथं यंदा 'बुकिंग चालू'. साइट म्हणजे काय घाण, ती सांगायची सोय नाही. पाण्याची एकच टाकी, तिच्यात बिगारी हात धुणार, मुकादम चुळा भरणार आणि चहालाही पाणी तेच. भिंतींना गिलावा लागायचा होता, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर पानाच्या पिचकाऱ्या मारून झाल्या होत्या. संडास नव्हता. बायका पहाटे येतानाच काय ते आटोपून यायच्या आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत नव्हत्या. मीही पीत नव्हते.

मालक तिथलाच, शेजारच्या गावचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. घरची मिठागरं आणि भातखाचरं, जमिनी गेल्या, पैसा आला आणि शेठ बिल्डर झाला. माणूस आडदांड, बोलायला मोकळा, पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता की ताई, तुमाला कोनी काय बोललं तर मला सांगायचं. वाईट नव्हता हो. हीच तर गंमत आहे, वाईट माणसं ओळखू येतात.

आमच्याकडं माल वर जायचा तो बायकांच्या डोक्यावरून. माल म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू. भरलेलं घमेलं घेऊन चार जिने चढायचे, रिकामं करून उतरायचं, पुन्हा चढायचे. बहुतेक बायका डोंगराकडेच्या आदिवासी वाडीवरच्या होत्या. जवळपास मिळालं तर बांधकाम, नाहीतर दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब ट्रकात घालून वीटभट्टीवर. त्यातली एक बाई तिशीची असेल. वाळकी, काळी, कमी बोलणारी. एकदा सिमेंटच्या खोलीत मी पोती मोजत होते, तेव्हा ती दार ओढून आत आली आणि खाली बघत म्हणाली की तिचं अंग बाहेर येतं. ओझं घेऊन जिना चढताना येतं, मग हातानं आत ढकलावं लागतं, आणि महिन्याचे पंधरा दिवस अंगावरून जातं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी बाई होते आणि शिकलेली होते. कुठल्या भरवशावर सांगितलं, देव जाणे.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्याकडं बघून ठणकावलं की हिनं यापुढं डोक्यावर ओझं घेतलं तर एक दिवस जीवावर बेतेल. हलकं काम करायचं, बसून करायचं. हलकं काम! साइटवर हलकं काम एकच होतं, ते मुकादमाचं, आणि तो ते अगदी मन लावून करायचा.

नेमकी त्याच सुमारास मशीन आली. शेठनं ठाण्याकडं कुठल्या तरी साइटवर बघितली आणि त्याच्या डोक्यात भरली. छोटी क्रेन होती ती. तिपाईसारखा लोखंडी सांगाडा, त्याला दोन्हीकडं फिरणारा हात, एक मोटर, एक ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला बोटभर जाड तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला आकडा. सुटे भाग करून पळस्प्याच्या नाक्यावरून टेम्पोत आले, चार माणसांनी जिन्यानं वर नेले आणि गच्चीच्या कडेला उभे केले. मागच्या पायांवर वाळूची पोती रचली की झालं. खालून बादली आकड्याला अडकवायची, वरच्या माणसानं दांडा ओढायचा, आणि चार बायकांचं ओझं चार मजले एका दमात वर. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मशीनबरोबर आलेला फिटर दोन दिवस राहिला. त्यानं बाकीचं काय सांगितलं ते मी विसरले, पण एक गोष्ट तो चारदा बोलला. ड्रमच्या एका बाजूला पट्ट्याचा ब्रेक होता. दांडा सोडला की हा पट्टा ड्रमला आवळून धरायचा, आणि भरलेली बादली हवेत लटकून राहायची ती फक्त ह्या पट्ट्याच्या जोरावर. बाकी सगळीकडं तेल घाला, ग्रीस घाला, पण पट्टा कोरडा. ह्याला तेल लागलं की हा माणूस मारणार, असं तो म्हणाला. मशीनच्या कागदातही तेच छापलं होतं. मी ते मराठीत लिहून काढलं आणि कागद ऑफिसच्या दाराला चिकटवला. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली.

मशीनवर आधी मुकादमानं आपली माणसं बसवली. पहिला दुपारी झोपला. दुसरा प्यायचा. तिसऱ्यानं बादली चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटून छज्ज्याचा कोपरा उडवला. ती बाई मात्र गच्चीवर बादली ओतून घ्यायच्या कामावर होती, रोज शेजारी उभी राहून फिटरनं शिकवलेलं बघून बसली होती. तिसरा पळाल्यावर तिनं दांडा हातात घेतला आणि बादली कळशी ठेवावी तशी अलगद गच्चीवर टेकवली. मी तशीच शेठकडं गेले आणि म्हटलं की हिलाच मशीनवर ठेवा. शेठ म्हणाला, बाईमानसाला? मग मी त्याला सांगितलं. पटवायला म्हणून सगळंच सांगितलं. ओझं का चालत नाही, दवाखान्यात काय म्हणाले, अंगावरून जातं. मुकादम शेजारीच तंबाखू मळत उभा होता. शेठला दया आली आणि तो हो म्हणाला. मी खुशीत बाहेर आले. माझ्याच उचापतीवर मी खूश होते.

तीन महिने तिनं मशीन चालवली. सकाळी आली की आधी कोरड्या फडक्यानं पट्टा पुसायची, मग बोट फिरवून बघायची, मगच बटण दाबायची. तिला वाचता येत नव्हतं, दाराचा कागद तिच्या उपयोगाचा नव्हता, पण फिटरचा शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. दोराच्या आवाजावरून बादली किती भरलीय ते ओळखायची. खालचे बिगारी जास्त भरायला लागले की वरून ओरडायची, आणि ते मुकाट्यानं कमी करायचे. पुरुषांना हे झोंबायचं. मशीनवाली म्हणून चिडवायचे. पण तिचा चेहरा भरला होता. एकदा मला म्हणाली की ताई, आता दुखत नाय. यंदा भट्टीवर जायचं नाही, नवरा गेला तर जाईल, असंही तिनं ठरवून टाकलं होतं.

मग दसरा आला. शेठच्या घरी अवजारांच्या पूजेचं फार मोठं प्रस्थ. ते मला तेव्हा वेड्यासारखं वाटलं होतं, पण त्यालाही कारण होतं. मिठागरात लोखंड टिकत नाही. खारं पाणी फावडं, कुदळ, पहार सगळं खाऊन टाकतं. म्हणून त्यांच्याकडं बापजाद्यांपासून दसऱ्याला प्रत्येक अवजार तेलानं न्हाऊ घालायची पद्धत. नुसतं बोट लावायचं नाही, तांब्यानं ओतायचं, लोखंड पिईल तेवढं पाजायचं. लोखंडाला तेल म्हणजे बाळाला दूध, असं शेठची आई म्हणायची. मिठागरात ते अगदी खरं असेल.

सकाळीच शेठ कुटुंबासकट आला. नवी पांढरी गाडी घेतली होती, तिलाही हार. फोटोग्राफर आणला होता. सगळी वरात गच्चीवर चढली. मुकादम टोपी घालून पुढं. मशीनवर झेंडूच्या माळा चढल्या, हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, आणि शेठनं तेलाचा तांब्या हातात घेतला. मोटरीवर ओतलं. मशीनच्या हातावर ओतलं. दोरावर ओतलं. ती बाई कोपऱ्यात उभी होती, ती दोन पावलं पुढं आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शेठ, तिथं नको. पट्ट्याला तेल चालत नाय."

शेठ हसला. रागावला नाही, हसला. म्हणाला, "देवाच्या तेलाला नाय म्हनू नये गो." आणि उरलेला तांब्या ड्रमवर उपडा केला. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिथंच होते. शेठपासून हाताच्या अंतरावर. तो कागद मी वाचला होता, मीच मराठीत लिहिला होता, माझ्याच हातानं डकवला होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की शेठ, ती बरोबर बोलतेय. चार शब्द. पण सणाचा दिवस, त्याची म्हातारी आई शेजारी, फोटो चाललेला, आणि मी काल लागलेली पोर. म्हटलं पुसून घेऊ नंतर. माझ्या तोंडाला त्या दिवशी काय कुलूप पडलं होतं ते मला आजही कळत नाही. म्हणजे कळतं, पण सांगायला लाज वाटते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि फडकं घेऊन बसली. तासभर पुसत होती. मग खाली माझ्याकडं आली आणि म्हणाली की पट्टा तेल प्यालाय, वरून पुसून जात नाही, पेट्रोलनं धुवायला पाहिजे आणि उन्हात वाळवायला पाहिजे, आजचा दिवस मशीन बंद ठेवा. मुकादम खेकसला की गिलावेवाले बसून आहेत, शेठ गिऱ्हाइकं घेऊन येतोय, आणि हिला सुट्टी पाहिजे. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हळूहळू चालव. अर्धी अर्धी बादली घे."

अर्धी बादली! डिप्लोमा केलाय म्हणे. अर्धं विष घे म्हणण्यासारखंच ते. पण मला वाटलं मी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढणाऱ्यांची एक वेगळी जात असते, ती सगळ्यांशी बरी असते.

ती गेली वर. तिनं पाच-सहा खेपा अर्ध्या बादलीच्या आणल्या. खाली मुकादमाला ते बघवेना, त्यानं पोरांना सांगून बादली काठोकाठ भरायला लावली. तोपर्यंत शेठ आला होता आणि गाडी सावली बघून बरोबर मशीनच्या खाली लावून गिऱ्हाइकांना खोल्या दाखवत होता. मी खालीच होते. बादली चौथ्या मजल्यावर पोचली, तिनं दांडा सोडला आणि पट्ट्यानं धरलंच नाही. वरून तिची किंकाळी आली, "हटाऽऽ!" पोरं पांगली. मी वर बघितलं तर ती उजव्या हातानं पट्टा ड्रमवर दाबून धरत होती, अख्खं अंग टाकून, आणि ड्रममधून धूर येत होता. तिच्या वजनानं बादली जराशी अडखळत आली, म्हणून खालच्या पोरांना पळायला वेळ मिळाला. बादली गाडीच्या टपावर पडली. हार घातलेली ती पांढरी गाडी मधोमध चेपली आणि सगळा माल काचेवरून ओघळला.

एकाही माणसाला खरचटलं नव्हतं. खरं म्हणजे तिथं सगळ्यांनी तिच्या पाया पडायला पाहिजे होतं. ती धापा टाकत खाली आली, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. कुणी बघितलं नाही. सगळे गाडीभोवती. शेठ गाडीच्या टपावरून हात फिरवत होता, आणि गिऱ्हाइकं हळूच रिक्षा बघायला लागली होती.

आणि मग मुकादम बोलला. तंबाखू थुंकला आणि म्हणाला की मला वाटलंच होतं, पूजेच्या दिवशी ही मशीनजवळ उभी होती. हिला अंगावरून जातं, महिन्याचे पंधरा दिवस हिचा विटाळच असतो, आणि ही त्या अंगानं देवाच्या तेलाला आडवी आली. मशीन कोपणार नाही तर काय.

मला वाटलं जमीन फाटावी. ते शब्द माझे होते. सिमेंटच्या खोलीत दार ओढून तिनं माझ्या कानात सांगितलेलं, मी शेठला सांगितलेलं, तंबाखू मळता मळता त्यानं ऐकलेलं. आता ते साठ माणसांसमोर पडलं होतं, पुरुषांसमोर, तिच्या वाडीच्या लोकांसमोर. तिचा नवरा पाण्याचा पाइप धरून तिथंच उभा होता. बायकांनी पदर तोंडाला लावले. ती मुकादमाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण दोर वळून देणारी मी असेन असं वाटलं नव्हतं.

मी पुढं झाले. म्हणजे झाले, पण कशी? "शेठ, तेल..." एवढंच म्हणाले. शेठनं लगेच माझ्याकडं बघितलं. "तुमी पूजेला होतात ना ताई? तवा का नाय बोललात?" त्याचा आवाज शांत होता. तेल म्हटलं तर शेठ चुकला, आणि शेठ चुकला तर मी त्याच्याहून चुकले. मी पुन्हा मागं झाले. मग त्यानं विचारलं की ती त्या दिवशी तशी होती का नव्हती, तुमाला तर ठावं असंल, तुमी बाई हाय. मी म्हणाले मला माहीत नाही. हे मात्र मी स्पष्ट आवाजात म्हणाले.

ती रडली नाही. भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला चिंधी बांधून माझ्यासमोर उभी राहिली आणि पेट्रोल मागितलं. मी मोपेडवरून पंपावर जाऊन आणून दिलं. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली तेवढीच एक धड गोष्ट. तिनं पट्टा सोडवला, पेट्रोलनं धुतला, विटेच्या भुकटीनं घासला, पुन्हा धुतला, दुपारपर्यंत उन्हात ठेवला. मग चढवला आणि खाली सांगितलं की काठोकाठ भरा, मुकादमानं भरली होती तशी भरा. बादली वर आली. तिनं दांडा सोडला आणि दोन्ही हात बाजूला घेतले. बादली चार मजल्यांवर लटकत राहिली. हलली नाही. सगळी साइट माना वर करून बघत होती. शेठही बघत होता. मला वाटलं, संपलं, आता कोण काय बोलणार.

मुकादम म्हणाला, "विटाळ उतरला म्हटल्यावर चालनारच ना."

बोला! काय करणार असल्या माणसाचं? बिघडली तर विटाळानं, चालली तर विटाळ उतरला म्हणून. आणि माना हलल्या. बायकांच्याही हलल्या. शेठ निघून गेला आणि संध्याकाळी निरोप आला की मशीनची शांती करायची, गुरुजींनी पाचव्या दिवशीचा मुहूर्त दिलाय, तोपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही.

मशीन बंद, पण गिलावा बंद नव्हता. मग माल कसा जाणार वर? जसा आधी जायचा तसा. बायकांच्या डोक्यावरून. आणि तिच्यामुळं मशीन बंद पडली म्हणून बायका तिलाच शिव्या घालत होत्या, तिचंच घमेलं जास्त भरत होत्या. वड्याचं तेल वांग्यावर. मी मुकादमाला म्हटलं की हिला खाली वाळू चाळायला ठेव. तो म्हणाला, म्याडम, शेठना विचारा. मी शेठना विचारलं नाही. पहिल्या दिवशी ती जिन्यात तीनदा बसली. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर रक्ताचे थेंब होते. मुकादमानं त्यावर वाळू टाकायला सांगितली आणि गडी वाळू टाकून गेला. पिचकाऱ्यांवर कधी कुणी वाळू टाकली नव्हती.

पाचव्या दिवशी शांती. होमाला विटा लागतात. त्या विटा गच्चीवर कशा गेल्या ते सांगायला नको. तिच्या डोक्यावरून गेल्या. गच्चीच्या दारापर्यंत तिनं आणायच्या, आत पाय टाकायचा नाही, दारातून दुसऱ्यानं उचलून न्यायच्या. गुरुजींनी मंत्र म्हटले, धूर केला, मग पळीनं गोमूत्र आणि पाणी शिंपडत मशीनभोवती फिरले. मोटरीवर शिंपडलं, दोरावर शिंपडलं, आणि ड्रमकडं वळले. तेवढ्यात शेठ पटकन पुढं झाला. त्यानं खांद्यावरचा नवा टॉवेल पट्ट्यावर अंथरला, वर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, इथं नको. पट्टा कोरडा लागतो."

गुरुजींनी मान डोलावली आणि पुढं गेले. मुकादमानंही डोलावली. मशीनवर बसायचा नवा माणूस शेजारी होता, त्याला शेठनं खुणेनं पट्टा दाखवला, म्हणजे नीट लक्षात ठेव. कुणाला काही विशेष वाटलं नाही. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं की काय, का गाडी चेपल्यावर कळलं, कुणास ठाऊक. पण त्या पाच दिवसांत ती घमेली वाहत होती तेव्हा तर नक्कीच माहीत होतं.

मी मागं वळले. ती दारात होती. शेवटच्या विटा उतरवून भिंतीला टेकून उभी, कमरेवर हात, तोंड पांढरं पडलेलं. तिनं ऐकलं होतं. माझ्याकडं बघून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला वाचाया येत नाय. तरी मी बोलले."

एवढं बोलून ती भिंतीला धरून जिना उतरून गेली. मंत्र चालू होते. मी हात जोडून उभी होते, ते हात मी तसेच ठेवले.

त्यानंतर ती कामावर आली नाही. दिवाळीनंतर ट्रक आला आणि नवऱ्याबरोबर तीही भट्टीवर गेली, असं बायका म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्याआधी वाडीचे लोक परत आले, तेव्हा तिचा नवरा साइटवर आला होता, एकटा. मी त्याला काही विचारलं नाही. अजून वर्षभर मी त्या साइटवर होते. तिची वाडी तिथून चालत अर्ध्या तासावर होती.